एका बिंदूची हालचाल

जहाजाला पुढे नेणे आणि जहाजाला वळवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, असे गृहीत धरूनच जगातील बहुतेक जहाजे बांधली गेली आहेत. पिछाडीला पाण्याखाली फिरणारा मळसूत्री पंखा पाणी मागे लोटतो आणि जहाज पुढे सरकते. त्या पंख्याच्या मागे उभे असलेले सुकाणू तोच झोत एका अंगाला वळवते आणि पिछाडी दुसऱ्या अंगाला ढकलली जाते. या व्यवस्थेत एक उणीव मुळातच आहे. पाणी अंगावरून वाहत असेल तरच सुकाणूत जोर असतो, त्यामुळे ज्या जहाजाला वळायचे आहे त्याला आधी चालावे लागते. भर समुद्रात ही अट जाणवतही नाही. परंतु धक्क्याला लागताना, अरुंद खाडीतून जाताना किंवा मुंबईच्या इंदिरा गोदीसारख्या, झडपांनी पाणी अडवलेल्या गोदीत शिरताना, जेव्हा वेग कमी करणे भाग असते, नेमक्या त्याच वेळी सुकाणू दुबळे होत जाते. नौकानयनाचे बरेचसे कौशल्य, टगांची (मोठी जहाजे ओढणाऱ्या लहान नौकांची) मदत, दोरखंडांची घाई आणि वाऱ्याचा अंदाज घेत बसणे या सर्वांचा उगम या एका विसंगतीत आहे.

होडीच्या पिछाडीला उभे राहून एकच वल्हे मारणाऱ्या माणसाला ही विसंगती ठाऊक नसते, कारण त्याचे वल्हे पंखाही असते आणि सुकाणूही, आणि पाते पाण्यात कोणत्या कोनात धरायचे याचा निर्णय त्याचे मनगट प्रत्येक फटक्यात नव्याने घेत असते. मनगटाची ही क्रिया यंत्राकडून, अखंडपणे आणि हजारो अश्वशक्तीच्या भाराखाली करवून घेता येईल का, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सुटला. ऑस्ट्रियाचा अभियंता अर्न्स्ट श्नायडर याने फिरत्या वर्तुळावर उभी पाती बसवून त्यांचा कोन सतत बदलण्याची योजना मांडली, आणि जर्मनीतील हायडेनहाइम येथील व्होइथ या कंपनीने ती हाती घेतली. ही कंपनी जलविद्युत केंद्रांची टर्बाइने बनवत असे; वाहत्या पाण्याच्या मानाने पात्यांचा कोन बदलणारे काप्लान टर्बाइन तिच्या कारागिरांच्या हाताखालून गेलेले होते. श्नायडरची मूळ कल्पनाही टर्बाइनाचीच होती. पाण्यापासून शक्ती मिळवण्यासाठी ती तितकीशी उपयोगी ठरली नाही, पण उलट बाजूने, म्हणजे शक्ती देऊन पाणी लोटण्यासाठी, ती विलक्षण निघाली. १९२८ साली ‘टॉर्केओ’ या चाचणी-नौकेवर हे यंत्र बसले, आणि लवकरच जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड यांच्या सीमांवर पसरलेल्या बोडन सरोवरातील प्रवासी बोटी त्यावर चालू लागल्या. त्याच सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रेडरिक कर्स्टन यांनीही उभ्या पात्यांचा पंखा तयार केला होता. परंतु त्यातील पाते तबकडीच्या एका फेऱ्यात स्वतःभोवती अर्धा फेरा घेत असे, आणि दिशेइतक्याच बारकाईने बळाची मात्रा बदलण्याची जी सोय श्नायडरच्या यंत्रात होती, ती तिथे नव्हती.

रचना समजून घेण्यासाठी जहाजाच्या तळाला, त्याच्याशी समपातळीत बसवलेली एक मोठी गोल तबकडी डोळ्यांपुढे आणावी. ती उभ्या अक्षाभोवती फिरते, आणि तिच्या कडेला सारख्या अंतरावर चार, पाच किंवा सहा लांब पाती पाण्यात सरळ खाली सोडलेली असतात. इंजिनाकडून येणारा आडवा दांडा शंकूच्या आकाराच्या दंतचक्रांच्या जोडीने तबकडीला फिरवतो, आणि इंजिन एकदा ठरलेल्या गतीला आले की तबकडी जवळजवळ ठरावीक, संथ गतीने, एकाच दिशेने फिरत राहते. प्रत्येक पाते आपल्या स्वतःच्या उभ्या अक्षावर थोडे इकडे, थोडे तिकडे झुलू शकते. मळसूत्री पंख्यातही पात्यांचा कोन बदलण्याची सोय असलेला एक प्रकार आहे, पण तिथे बदललेला कोन पुन्हा बदलेपर्यंत तसाच राहतो; इथे प्रत्येक पाते प्रत्येक फेऱ्यात आपला कोन बदलून मूळ कोनावर परत येते. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय या यंत्राचे मर्म हाती लागत नाही.

आता प्रत्येक पात्याच्या अक्षातून, त्याच्या रुंदीशी काटकोनात, तबकडीच्या आत जाणारी एक रेषा कल्पावी. तबकडीच्या पोटातील तरफा आणि जोडदांडे असे जुळवलेले असतात की या सर्व रेषा नेहमी एकाच बिंदूत मिळतात. त्या बिंदूला नियंत्रणबिंदू म्हणता येईल. तो तबकडीच्या बरोबर मध्यावर असेल तेव्हा सारी पाती वर्तुळाला स्पर्शरेषेप्रमाणे चिकटून चालतात, पाणी कापतात पण लोटत नाहीत, आणि इंजिन पूर्ण गतीने चालू असूनही जहाज जागच्या जागी उभे राहते. बिंदू मध्यापासून जरासा डावीकडे किंवा उजवीकडे सरकला, की वर्तुळाच्या पुढच्या कमानीतून जाणाऱ्या पात्याची धार बाहेर वळते, मागच्या कमानीतून जाणाऱ्या पात्याची आत वळते, आणि दोन्ही पाती मिळून पाणी एकाच दिशेला लोटतात. बाजूच्या कमानीतील पाती त्या वेळी जवळपास निष्क्रिय असतात. बिंदू ज्या दिशेला सरकतो तिच्याशी बळ काटकोनात निर्माण होते; तो जितका दूर जातो तितके बळ वाढते; आणि तो विरुद्ध बाजूला नेला की बळही विरुद्ध होते. त्यामुळे जहाज मागे घेण्यासाठी इंजिन थांबवावे लागत नाही आणि उलटेही फिरवावे लागत नाही.

पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे किंवा मधल्या कोणत्याही तिरक्या दिशेला, बळ किती हवे आणि कुठे हवे या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच बिंदूच्या जागेत सामावलेले असते. यंत्रशास्त्रात सौंदर्य हा शब्द जपून वापरावा लागतो, पण इथे त्याला पर्याय नाही. या बिंदूची आणखी एक गोष्ट मन भारावून टाकते. पाण्यात घसर मुळीच होत नाही असे मानले, तर एका फेऱ्यात जहाज जितके पुढे जाईल ते अंतर, मध्यापासून नियंत्रणबिंदूपर्यंतच्या अंतराला त्रिज्या मानून काढलेल्या वर्तुळाच्या परिघाइतके भरते. चालत्या जहाजावरील पात्याचा पाण्यातील मार्ग वर्तुळाकार नसून वेटोळ्यांच्या रेषेसारखा असतो, आणि त्या मार्गाची भूमिती तबकडीच्या पोटातील एका बिंदूने आधीच ठरवलेली असते.

बिंदू सरकवण्याचे काम तबकडीच्या मध्यातून उभी जाणारी एक नियंत्रण-तरफ करते, आणि तिला एकमेकांशी काटकोनात बसवलेले, तेलाच्या दाबावर चालणारे दोन दट्टे हलवतात. एक दट्ट्या पुढे-मागे जाण्याचे बळ सांभाळतो, दुसरा आडवे बळ. जहाज चालवणाऱ्याच्या हाताशीही तीच विभागणी असते: पुढे-मागे जाण्यासाठी तरफा आणि आडव्या बळासाठी चक्र. ज्या तांडेलाने आयुष्यभर पंखा आणि सुकाणू यांवर हात बसवला आहे, त्याला प्रारंभी यातील स्वातंत्र्यच अडचणीचे वाटते, कारण जहाज वळेपर्यंत वाट पाहण्याची त्याची सवय इथे निरुपयोगी ठरते. चक्र हलवल्यावर काही क्षणांत बळ हजर होते, आणि ते पूर्ववत करायला हात उशिरा गेला तर जहाज हव्या त्या जागेपलीकडे सरकलेले असते. हळूहळू हात जहाजाच्या गतीऐवजी थेट बळाचा विचार करू लागतो, आणि हे यंत्र खऱ्या अर्थाने शिकणे म्हणजे हेच.

ज्या जलमार्गांवर जागा अपुरी असते तिथे त्याचे मोल सर्वांत आधी कळले. १९३८ साली इंग्लंडमधील लिमिंग्टन आणि आइल ऑफ वाइट बेटावरील यार्मथ यांच्यामधील चिखलाच्या, नागमोडी खाडीमार्गावर ‘लिमिंग्टन’ ही मोटारी वाहणारी फेरीबोट आली. ब्रिटनमध्ये हे यंत्र बसलेली ती पहिली बोट होय. तिच्या दोन्ही टोकांना एकेक तबकडी असल्यामुळे तिला वळून परत फिरावे लागत नसे. पुढे ती स्कॉटलंडला गेली आणि ‘साउंड ऑफ सांडा’ या नावाने क्लाइडच्या मुखाजवळ चालत राहिली. टेम्स नदी आडवी ओलांडणाऱ्या वुलिच फेरीने १९६३ साली तीन नव्या बोटींसाठी याच यंत्राची निवड केली. भरती-ओहोटीचा जोरदार प्रवाह आडवा घेत दर काही मिनिटांनी धक्क्याला अचूक लागायचे असेल, तर बाजूला सरकण्याची शक्ती ही चैन राहत नाही.

तथापि या यंत्राचे खरे घर टग हेच आहे. परंपरागत टगाचा पंखा पिछाडीला आणि ओढीचा आकडा मध्याजवळ असतो, त्यामुळे ओढले जाणारे मोठे जहाज अचानक वेगाने पुढे गेले किंवा बाजूला झाले तर दोरखंड टगाला आडवे ओढतो आणि ते कलंडून काही क्षणांत बुडू शकते. अशा अपघातांत अनेक खलाशी प्राणाला मुकले आहेत. श्नायडरची तबकडी टगाच्या पुढच्या भागाखाली बसवली आणि ओढीचे ठिकाण मागे नेले, की हा धोका बव्हंशी टळतो. दोरखंड ताणला गेला तर तो टगाला कलंडवण्याऐवजी फिरवून स्वतःच्या रेषेत आणतो. एवढ्या एका बदलामुळे जर कोणाचा जीव वाचत असेल, तर यंत्राची किंमत मोजताना तो सर्वांत वर लिहिला पाहिजे. अशा टगाच्या मागच्या भागाखाली एक उभा, रुंद पडदा असतो, आणि धावत्या तेलवाहू जहाजाला मागून दोर बांधून टग तिरके धरले की पाण्याचा दाब त्या पडद्यावर येऊन, टगाच्या स्वतःच्या इंजिनाच्या ताकदीपेक्षाही अधिक ओढ निर्माण होते. १९८९ साली ‘एक्सॉन वाल्डीझ’ हे जहाज अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढून तेलाचा प्रलय झाल्यावर अमेरिकेने तिथल्या तेलवाहू जहाजांना सोबतीचे टग बंधनकारक केले, आणि १९९९ साली त्या कामासाठी तिथे आलेली ‘नानुक’ व ‘तानर्लिक’ ही टग याच पद्धतीची होती. भारतातील बंदरांतही अशी टग कामाला आहेत.

गुणांचे हे वर्णन अपुरे राहील जर किंमत सांगितली नाही. सरळ रेषेत, मोकळ्या समुद्रात, हे यंत्र चांगल्या मळसूत्री पंख्यापेक्षा अधिक इंधन खाते, आणि तेवढ्याच शक्तीत नळीत बसवलेल्या, सर्व बाजूंना फिरणाऱ्या पंख्याइतकी ओढही देत नाही. ते महाग आहे, जड आहे, आणि तळाखाली लोंबणारी पाती उथळ पाण्यात सांभाळावी लागतात, म्हणून टगांवर त्यांच्याखाली पोलादी संरक्षक तबक लावतात. परंतु केवळ इंधनाच्या हिशेबावर त्याला नापास करणे अन्यायाचे आहे, कारण ज्या कामासाठी ते घडवले गेले ते चालण्याचे काम नाही. ते थांबण्याचे, सरकण्याचे आणि लाटेत स्थिर राहण्याचे काम आहे. ब्रिटिश नौदलाच्या ‘सँडाउन’ जातीच्या सुरुंगशोधक नौकांनी ते स्वीकारले ते संथ फिरणाऱ्या पात्यांचा आवाज कमी असतो म्हणून, आणि सुरुंगासमोर न हलता उभे राहता येते म्हणून. अलीकडे समुद्रातील पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या ‘एड्डा पासात’सारख्या जहाजांत हीच पाती आडवे बळ झटपट बदलून जहाजाचे डोलणे कमी करतात; जहाजाच्या कुशीला लावलेले सामान्य स्थिरक-पर जहाज थांबले की निकामी होतात, ही पाती मात्र थांबल्यावरही काम करतात.

किमतीचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे. इंजिन कधी थांबत नाही आणि सारे काही बिंदूच्या जागेवर अवलंबून असते, याचा अर्थ बिंदू अडकला तर अडकलेल्या दिशेचे बळ तसेच चालू राहते. ८ मे २०१० रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड फेरीची ‘अँड्र्यू जे. बार्बेरी’ ही बोट धक्क्यावर आदळून अनेक प्रवासी जखमी झाले. तपासात असे निष्पन्न झाले की नियंत्रण-यंत्रणेतील विद्युतचुंबकीय झडप बिघडून एका तबकडीवरील ताबा सुटला होता, आणि बिंदू आज्ञेप्रमाणे हलत नाही हे सांगणारी धोक्याची घंटा त्या बोटीवर नव्हती. हाताने दिलेली आज्ञा आणि पात्यांनी प्रत्यक्षात घेतलेला कोन यांतील तफावत सतत डोळ्यांपुढे असणे, ही या यंत्राच्या बाबतीत सोय नव्हे, अट आहे.

सारे काही त्या बिंदूवर अवलंबून असते ही गोष्ट देखभाल करणाऱ्याला वेगळ्या वाटेने माहीत असते. कोरड्या गोदीत जहाज चढले की पाती एकेक करून हाताने झुलवून पाहावी लागतात, आणि बेअरिंगमधील लवलेश ढिलाई किंवा ऑइल सीलच्या कडेला दिसणारी तेलाची ओल पुढच्या काही वर्षांची कहाणी सांगते. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक पात्याचे बेअरिंग दोन्ही दिशांनी भार सोसते, आणि तबकडीच्या पोटातील तेल व बाहेरचे खारे पाणी यांच्यामध्ये प्रत्येक पात्यापाशी फक्त सील उभे असते. जोडदांड्यांच्या सांध्यांत झीज झाली, की सगळ्या रेषा नेमक्या एका बिंदूत मिळेनाशा होतात. तेव्हा पाती परस्परांशी भांडू लागतात, कंप वाढतो आणि इंधन जळते. भूमितीचा नियम कागदावर कायम असतो, पोलादात तो राखावा लागतो, आणि तो राखणाऱ्या फिटरच्या कामाचा मान या यंत्राच्या शोधापेक्षा तसूभरही कमी धरू नये.

आता या पोलादी सांध्यांचाच त्याग करण्याकडे कारागिरीचा कल वळला आहे. व्होइथने विजेवर चालणारी आवृत्ती काढून मोटर तबकडीशीच जोडली, त्यामुळे शंकूच्या दंतचक्रांची जोडी गेली. तरी पात्यांची तरफा-रचना तिने राखली. २०२३ साली एबीबी या कंपनीने जाहीर केलेल्या ‘डायनाफिन’ या यंत्रात मात्र प्रत्येक पात्याला स्वतःची वीजमोटर आहे, आणि कोणते पाते केव्हा किती वळावे हे संगणक ठरवतो. त्यामुळे पात्यांना एकाच बिंदूशी बांधलेले राहण्याची सक्ती उरत नाही, आणि वेगानुसार अधिक लाभदायक मार्ग निवडता येतो. सरळ चालीतील इंधनाची जुनी तूट भरून काढण्याची शक्यता तिथेच आहे. मात्र ती मोटर, तिचे बेअरिंग आणि तिचे सील पाण्याखालीच राहणार आहेत, प्रत्येक पात्यासाठी स्वतंत्रपणे तपासावे लागणार आहेत, आणि त्यासाठी जहाज पूर्वीप्रमाणेच कोरड्या गोदीत चढवावे लागणार आहे.