ढाणकीचे ऊन आणि जुनी फियाट
यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात ढाणकी वसली आहे. वैशाखात या वाटेला लागावे, म्हणजे कुर्ल्यात घडलेल्या वडिलोपार्जित फियाटची खरी परीक्षा कळते! १०८९ घनसेंटीमीटरचे जुने इंजिन थकले म्हणून नवे बसवावे, तर घरची मंडळी म्हणतात, "आता गारवाही हवाच!" पण गारव्याचा काँप्रेसर त्याच इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, तेव्हा पुल्या एका रेषेत हव्यात. कंडेन्सर बसतो रेडिएटरपुढे, आणि त्याची गरम हवा येते रेडिएटरच्याच अंगावर. म्हणून रेडिएटर मोठा, पंखा विजेचा आणि डायनामोऐवजी आल्टर्नेटर. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे इंजिन बदलायला परिवहन कार्यालयाची परवानगी हवीच. एवढे जमले, तर मागच्या बाकावरच्या आजी ढाणकी येईपर्यंत सुखाने डुलकी काढतील. एरवी ओला पदर आणि फिरकीचा तांब्या आहेच!