झाडांमधला डाव

खेळाला मैदान हवे, असे सहज म्हटले जाते. मैदान म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहते ते सपाट, मोकळे आणि चुन्याच्या रेघांनी आखलेले आवार. त्यात झाड नसते. असलेच तर ते कडेला, प्रेक्षकांना सावली देण्यापुरते. परंतु मोकळ्या मैदानापेक्षा झाडांची दाटीच अधिक मानवलेले खेळही काही आहेत. रायपूरच्या जुन्या वस्त्यांच्या पाठीमागे, तलावाच्या पाळीवर रंगणारा विटीदांडू हा त्यांपैकी एक होय.

रायपूर हे मुळात तलावांचे गाव. बूढा तलाव, तेलीबांधा तलाव, महाराजबंद अशी कितीतरी नावे या शहराच्या बोलण्यात रुळलेली आहेत. छत्तीसगढी बोलीत तलावाला ‘तरिया’ आणि वस्तीला ‘पारा’ म्हणतात. ब्राह्मणपारा, बूढापारा, तात्यापारा ही वस्त्यांची नावे त्याच शब्दावरून पडली. त्यांतील ‘तात्या’ हा शब्द मराठी कानांना लगेच ओळखू येतो. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगढात आली आणि तिच्यापाठोपाठ मराठी कुटुंबेही येथे येऊन स्थिरावली. त्यांच्या घरात मराठी राहिली, अंगणात छत्तीसगढी आली आणि बाजारात हिंदी. मुलांच्या खेळात मात्र तिन्ही भाषा एकत्र नांदल्या. एकाच खेळाला कोणी विटीदांडू म्हणे, तर कोणी गिल्ली-डंडा. डाव मात्र एकच असे.

तलाव खोदताना निघालेली माती काठावर रचली, की तिची पाळ होते. ती धरून ठेवण्यासाठी आणि स्नानाला येणाऱ्यांना सावली मिळावी म्हणून तिच्यावर वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच, आंबा अशी झाडे वाढू दिली जात. शंभर-सव्वाशे पावलांत संपणारा हा झाडीचा पट्टा. जमीन चढउताराची, मुळांनी उंचसखल झालेली, पाचोळ्याने झाकलेली. धावण्याच्या शर्यतीला ती निरुपयोगी आणि क्रिकेटला गैरसोयीची. पण विटीदांडूला ती जणू बेतून दिलेली. रायपूरचा उन्हाळा कडक असतो. वैशाखात मोकळ्या मैदानावर दुपारी पाय ठेववत नाही. अशा वेळी पाळीवरच्या सावलीत मुले जमत आणि सूर्य कलेपर्यंत त्यांचा डाव चाले.

या खेळाला लागते तरी काय? हातभर लांबीचा एक दांडू, दोन्ही टोकांना निमुळती केलेली बोटाएवढी विटी आणि जमिनीत कोरलेली एक लांबट खळी. खळीवर विटी आडवी ठेवायची आणि दांडूच्या टोकाने ती दूर भिरकवायची. यालाच विटी कोलणे म्हणतात. समोरच्या गड्यांनी ती झेलली, तर खेळणारा बाद. न झेलली, तर दांडू खळीवर आडवा ठेवायचा. विटी जिथे पडली असेल तिथूनच प्रतिपक्षाचा गडी ती दांडूच्या रोखाने फेकतो. नेम बसला की डाव संपला. नेम चुकला की खेळणाऱ्याची पाळी. तो विटीच्या टोकाला हलकेच मारून तिला उडवतो आणि ती हवेत असतानाच तिला टोला हाणतो. मग खळीपासून विटीपर्यंतचे अंतर दांडूने मोजले जाते. गावोगावी या नियमांत थोडाफार फरक पडतो. गाभा मात्र बदलत नाही.

दांडूने अंतर मोजण्याच्या या प्रकारातही एक मौज आहे. मराठी मुलांच्या तोंडी येणारे ‘वकट, लेंड, मुंड, नाल’ हे शब्द मराठी अंकांचे नाहीत. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी त्यांचे नाते उघड दिसते. रायपुरात तेलुगू भाषक कुटुंबेही पुष्कळ आहेत. शेजारच्या मराठी मुलाची मोजणी ऐकून एखाद्या तेलुगू मुलाला आपलेच अंक ओळखीचे वाटावेत, अशी ही गंमत. शब्द कोणत्या वाटेने आले हे खेळणाऱ्यांना ठाऊक नसते. खेळाने ते सांभाळून ठेवले एवढे खरे.

मोकळ्या मैदानात विटीदांडू हा बळाचा खेळ होतो. ज्याचा दंड भक्कम, त्याचा टोला लांब. झाडीत शिरल्यावर मात्र बळाचा हा तोरा उतरतो. जोराने मारलेली विटी दहा पावलांवरच्या चिंचेच्या खोडावर आदळून परत पायाशी येते. उंच उडवलेली विटी कडुनिंबाच्या फांद्यांत अडकून राहते. दोन बुंध्यांच्या मधली चिंचोळी वाट ज्याला दिसली आणि त्या वाटेने विटी नेण्याइतका ज्याचा हात संयमी झाला, त्याचाच डाव लांबतो. त्यामुळे थोराड मुलापुढे एखादा किरकोळ अंगाचा मुलगा येथे सहज उभा राहू शकतो. झाडे कोणाची बाजू घेत नाहीत. पण ती खेळाला समतोल देतात.

झाडांमुळे नियमही जन्माला येतात. विटी फांदीत अडकली तर काय करायचे? मुळांच्या बेचक्यात पडली तर ती किती सरकवायची? पाण्यात गेली तर ती कोणी आणायची? यांची उत्तरे कोणत्याही छापील पुस्तकात नसतात. ती त्या जागेवर, त्या मुलांनी, कधी भांडून तर कधी समजुतीने ठरवलेली असतात. शेजारच्या पाऱ्यातील मुले खेळायला आली, की आधी नियम सांगितले जातात आणि पाहुण्यांनी ते मान्य केल्यावरच दांडू उचलला जातो. पंच नसतो, शिट्टी नसते. ‘विटी लागली’ की ‘नाही लागली’ याचा निवाडा शेवटी खेळणाऱ्यांच्या शब्दावर होतो आणि ज्याचा शब्द वारंवार खोटा ठरतो, त्याला दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला बोलावत नाही. नागरिकशास्त्राचा हा पहिला धडा मुले पाटीशिवाय गिरवतात.

या खेळाला धोकाही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. उडालेली विटी डोळ्याला लागली तर आयुष्यभराचे नुकसान होऊ शकते. म्हणूनच टोला मारण्यापूर्वी समोरच्यांना हाक देण्याची आणि लहानांना बुंध्याआड उभे करण्याची रीत जाणती मुले पाळत. ही सावधगिरीही त्या जागेनेच शिकवलेली असे.

झाडांना अडथळा न मानता खेळाचा भाग मानण्याची ही दृष्टी केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील ओक ग्रोव्ह पार्क या उद्यानात १९७५ साली एड हेड्रिक यांनी एका नव्या खेळाचे पहिले कायमस्वरूपी क्रीडांगण आखले. त्या खेळाचे नाव डिस्क गोल्फ. प्लास्टिकची चपटी, गोल तबकडी हाताने फेकायची. ती जिथे पडेल तिथूनच पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकांत ती ठरलेल्या लक्ष्यापर्यंत पोचवायची, एवढाच तो खेळ. आरंभी खांब हेच लक्ष्य असे. पुढे हेड्रिक यांनीच साखळ्या लावलेली लोखंडी टोपली तयार केली. साखळ्यांवर आदळून तबकडी टोपलीत पडताना होणारा खणखणाट ही त्या खेळाची ओळख बनली. १९७६ साली या खेळाची संघटना स्थापन झाली. आज जगातील अनेक देशांत अशी हजारो क्रीडांगणे आहेत आणि त्यांतील कितीतरी वस्तीलगतच्या लहानशा झाडीत आहेत. गोल्फसाठी झाडे तोडून हिरवळ राखावी लागते. येथे झाडे तशीच ठेवून त्यांच्यामधून वाट शोधायची असते.

तबकडी आणि विटी यांत फार अंतर आहे. एक कारखान्यात घडते, दुसरी सुताराच्या किंवा मुलांच्याच हातून. तरीही, वस्तू जिथे पडली तिथूनच पुढचा डाव खेळायचा, ही दोघींची अट एकच आहे. पडलेली जागा अवघड असली तरी ती बदलून मिळत नाही. आधीच्या फेकीची चूक पुढच्या फेकीतच सुधारायची असते. आणि दोन्ही खेळांत जागा लहान असणे हे उणे ठरत नाही. आखूड अंतरावरचा, पण चार झाडांनी अडवलेला नेम हा मोकळ्यावरच्या लांब फेकीहून अधिक कस पाहतो.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि रायपूर राजधानी बनले. २००१ च्या जनगणनेत सुमारे सहा लाखांची असलेली शहराची वस्ती २०११ मध्ये दहा लाखांवर गेली. माणसे आली तशी घरे, रस्ते, बाजार, वाहनतळ यांची गरज वाढली. ही गरज खोटी नव्हती. छत्तीसगढी शेतकरी मुरमाड, माळरानासारख्या जमिनीला ‘भाठा’ म्हणतो. पीक बेताचे देणारी ही जमीन गुरांच्या चराईला आणि मुलांच्या खेळाला मोकळी राही. रायपूरच्या भाठागाव या वस्तीच्या नावात तो शब्द आजही ऐकू येतो. तेथे आता आंतरराज्य बसस्थानक आहे. तेलीबांधा तलावाच्या काठी फरसबंद वाट झाली आहे आणि लोक तिला ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. संध्याकाळी तेथे सहकुटुंब फिरणाऱ्यांची गर्दी असते. ती वाट सुंदर आहे, पण फरशीत खळी कोरता येत नाही. फिरण्याची जागा आणि खेळण्याची जागा यांतील हा फरक मोठ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

खेळ मात्र विस्मरणात जाऊ नयेत, अशी इच्छा समाजाला असतेच. राज्य सरकारने ६ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘छत्तीसगढिया ओलिंपिक’ सुरू केले. त्यात गिल्ली-डंडा, पिट्ठुल, भौंरा, बांटी, बिल्लस, फुगडी, गेडीची शर्यत अशा चौदा खेळांना स्थान मिळाले. स्पर्धा स्त्री-पुरुष दोघांसाठी आणि तीन वयोगटांत होत्या. चाळिशी ओलांडलेल्या गृहिणीही पदर खोचून मैदानात उतरल्या. ज्या पाळीवरच्या डावात मुलींना क्वचितच घेतले जाई, तो डाव आता त्यांचाही झाला, ही त्या उपक्रमाची मोठी कमाई होती. २०२३ मध्ये हरेलीच्या सणापासून स्पर्धांचे दुसरे वर्ष सुरू झाले.

तरीही स्पर्धा खेळाचा मान वाढवते, रोजचा सराव मात्र वस्तीच देते. स्पर्धेसाठी नियम एक करावे लागतात, रेघा आखाव्या लागतात, जागा सपाट निवडावी लागते. हे सारे योग्यच आहे. परंतु जो मुलगा वर्षातून एकदा आखलेल्या मैदानात गिल्ली-डंडा खेळतो, त्याला तो खेळ माहीत होतो. तो अंगात भिनत नाही. भिनण्यासाठी शाळा सुटल्यावर, घरापासून हाकेच्या अंतरावर, कोणाची परवानगी न विचारता जाता येईल अशी जागा लागते. ती मोठी असण्याची गरज नसते. दहा-वीस झाडे, थोडी उघडी माती आणि मुलांना हुसकावून न लावणारे शेजारी, एवढे पुरते.

नगररचनेच्या नकाशावर उद्यानाला हिरवा रंग असतो आणि रस्त्याला करडा. झाडीच्या अशा लहान तुकड्याला मात्र बहुधा रंगच नसतो. तो कोणाचाच नाही म्हणून रिकामा समजला जातो आणि रिकामा म्हणून भरून टाकला जातो. प्रत्यक्षात तो दररोज वापरात असतो. त्याच्या मातीत खळी असते, बुंध्यांवर विटीचे व्रण असतात आणि फांदीत अडकलेली एखादी विटी पावसाळ्यात भिजत असते. पुढच्या डावाला उतरणारी मुले कधीतरी ती काठीने पाडतील. तोवर ते झाड उभे राहिले पाहिजे.