पाव उंचीवर

पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणची भीमाची काठी पाहताना सगळे शेंड्याकडे बघतात. एवढा उंच सुळका, दरीच्या तोंडाशी सुटा उभा. हा पडत कसा नाही? भीमाचं नाव दिलं की प्रश्न मिटतो. मला मात्र तिथे पुठ्ठा आठवतो.

पुठ्ठ्याचा त्रिकोण कापावा. एका कोपऱ्याशी भोक पाडून तो सुईला टांगावा आणि त्याच सुईवरून खडा बांधलेला दोरा सोडावा, गवंड्याचा ओळंबाच तो. दोरा थांबला की त्याच्या मागे पेन्सिलीची रेघ. मग दुसरा कोपरा, दुसरी रेघ. दोन्ही कापतात तिथे खालून बोट लावलं, की त्रिकोण आडवा तोलून राहतो. तोच त्याचा गुरुत्वमध्य, पायापासून उंचीच्या बरोबर एक तृतीयांशावर. आयताचा गुरुत्वमध्य कर्ण छेदतात तिथे. बांगडीचा तर चक्क हवेत! जिथे काहीच नाही, तिथे तिचा तोल. हे मला अजून पचलेलं नाही.

सुळका कागदावर काढला तर त्रिकोणच होतो. पण दगडात तो ढोबळ शंकू, आणि भरीव शंकूचा गुरुत्वमध्य पाव उंचीवर असतो. वर जाताना पुठ्ठ्याची नुसती रुंदी आटते. दगडाची रुंदीही आटते, जाडीही. अर्ध्या उंचीवर पुठ्ठ्याची पट्टी निम्मी उरते, दगडाची चकती चौथाई. म्हणून भार खाली बसतो. कलंडायचं तर त्या बिंदूतून सोडलेला ओळंबा पायाबाहेर पडायला हवा.

हा पाव हिस्सा आर्किमिडीजला ठाऊक होता. आकृत्या मनातल्या तराजूवर तोलून आपण उत्तरं आधी हेरतो आणि सिद्धता मागून देतो, असं त्याने एराटोस्थेनीस या विद्वानाला मोकळेपणाने कळवलं. त्या लेखनाची चामड्यावरची प्रत खरवडून कुणी तिच्यावर प्रार्थना लिहिल्या होत्या. 1906 साली इस्तंबूलमध्ये हायबर्ग या अभ्यासकाने खालची अक्षरं ओळखली. प्रार्थना लिहिणाऱ्यावर मला रागावता येत नाही, चामडं महाग होतं.

पण ओळंब्याचं ज्ञान कलंडण्यापुरतंच. जुलै 2021 मध्ये याच पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या, त्या काही तोल जाऊन नव्हे. पावसाचं पाणी मुरलं आणि उताराच्या मातीची पकड सुटली. तो हिशेब पुठ्ठ्या-दोऱ्याने होत नाही. त्यासाठी डोंगरावर भूवैज्ञानिकच न्यावा लागतो, आणि तोही पावसाळ्याआधी.