गाडीचा सेल्फ

मानोऱ्यातील आमच्या घराच्या अंगणात एक पांढरी ॲम्बेसेडर उभी असते. १९७८ सालचे मार्क ३ मॉडेल. वडिलांनी ती १९८६ साली जुनीच विकत घेतली. शाळामास्तराच्या दारात मोटार यावी ही त्या काळी गावाच्या दृष्टीने मोठी घटना होती; आमच्या दृष्टीने तर ती जवळजवळ घरातील नव्या माणसाचे आगमन होते. वडील जाऊन आता बरीच वर्षे झाली. गाडी मात्र दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेत आमच्यापाशी राहिली आहे. ज्या कारखान्यात ती जन्मली, तो बंगालमधील उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला. तेव्हापासून तिचा एखादा भाग बिघडला की आमच्या घरात चर्चा सुरू होते आणि ती चर्चा बहुधा त्या भागापुरती राहत नाही.

गेल्या नोव्हेंबरात सेल्फ कुरकुरू लागला. गावाकडे सगळे याला सेल्फच म्हणतात. पुस्तकी भाषेत स्टार्टर मोटर. सकाळी थंड गाडी कशीबशी सुरू होई. पण कारंजापर्यंत जाऊन थांबलो की परतताना किल्ली फिरवल्यावर एखादा म्हातारा जिना चढताना जसा दमतो तसा आवाज येई आणि इंजिन फिरायचेच नाही. मग ओळखीच्या, अनोळखी माणसांना हाक मारून धक्का मारणे आले.

एरवी आम्ही हे हसण्यावारी नेले असते. परंतु नाताळ जवळ येत होता. आमच्या आईचे वय चौऱ्याऐंशी. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला याच गाडीने अमरावतीला जायचे, हा तिचा वडिलांच्या वेळेपासूनचा नेम. डिसेंबरच्या थंडीत, रात्री दोन वाजता, कापसाच्या आणि तुरीच्या शेतांमधल्या ओसाड रस्त्यावर गाडी बंद पडली तर त्या वृद्धेला कोठे बसवायचे, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

आमचे थोरले चिरंजीव पुण्यात नोकरी करतात. त्यांनी फोनवर ऐकून घेतले आणि चौथ्या दिवशी एक खोके घरी येऊन पडले. आत नव्या पद्धतीचा सेल्फ होता: आकाराने लहान, वजनाने हलका, आत दंतचक्रे बसवून कमी विजेत जास्त जोर देणारा. "पप्पा, जुना फेकून द्या, हा बसवा. नको असेल तर पंधरा दिवसांत परत करता येतो," असा निरोपही आला. त्यांच्या आग्रहामागे कारण होते. चार वर्षांपूर्वी आम्ही हाच सेल्फ बाहेरगावी एका दुकानात पूर्ण दुरुस्तीला दिला होता. काळ्या रंगात चकाकत तो परत आला, बिलावर कार्बन, बुश, सगळे नवे लिहिलेले होते, आणि तीन महिन्यांत पुन्हा रडू लागला. तेव्हापासून दुरुस्ती या शब्दावरचा चिरंजिवांचा विश्वास उडाला होता.

आमचे मन मात्र खोक्याकडे वळेना. या गाडीला पुढून हँडल मारूनही सुरू करता येते, आणि सेल्फ रुसला की वडील तेच करीत. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही, आणि खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही, हे त्यांनी आम्हाला दहादा बजावले होते. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर हाडच मोडते. एके काळी मोटारचालकांची मनगटे अशी इतकी मोडत, की वैद्यकशास्त्रात त्या अस्थिभंगाला शोफरचेच नाव मिळाले आहे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेचा स्टार्टर तयार केला, तो १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर बसला आणि ती मनगटे वाचली. वडिलांनी सांगितलेले असे सगळे आठवत राहिले, आणि त्यांच्या हातचा सेल्फ काढून टाकणे म्हणजे त्यांनाच घराबाहेर काढणे, असे काहीसे आम्हाला वाटू लागले.

गावात एक जुने मोटार-इलेक्ट्रिशियन आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. हल्ली त्यांच्याकडे पाण्याच्या पंपांच्या मोटारीच जास्त येतात. आम्ही गाडी धक्का मारीत त्यांच्या दारात नेली आणि खोके दाखवून विचारले, "चाचा, हा बसवायचा की जुना भरायचा?"

त्यांनी खोक्याकडे पाहिलेही नाही. "सर, आधी दोष त याचाच हाय का, ते पाहा लागते."

त्यांनी मीटर लावून आम्हाला सेल्फ मारायला सांगितले. बॅटरी ठीक होती. परंतु इंजिनाचे अंग आणि बॅटरीचे अर्थिंगचे टोक यांमध्ये दीड व्होल्टची गळती निघाली. ती अर्ध्या व्होल्टच्याही आत असावी लागते. अर्थिंगची पट्टी गंजून तिच्या निम्म्या तारा तुटल्या होत्या. सेल्फला क्षणभरासाठी शेकडो अँपिअर वीज लागते. एवढा प्रवाह वाहायचा तर वाटेतला थोडासा गंजही त्याला अडवतो. पट्टी बदलताच फिरण्यात जोर आला. म्हणजे निम्मा दोष सेल्फचा नव्हताच. दुसरा बसवला असता तरी तोही याच पट्टीपायी मार खाता.

उरलेल्या निम्म्यासाठी सेल्फ खाली उतरला. त्याच सकाळी आम्ही वडिलांची एक वही बरोबर घेतली होती. गाडीवर केलेला प्रत्येक खर्च त्यांनी तीत टिपला आहे. वाचताना आमचाच गैरसमज गळून पडू लागला. "डायनामो काढला, अल्टरनेटर टाकला." "कार्ब्युरेटर नवा." "सेल्फचे कार्बन बदलले," हे तर तीनदा. जो भाग दुरुस्त होण्यासारखा होता तो त्यांनी दुरुस्त केला आणि जो नव्हता तो कोणतीही हळहळ न लिहिता बदलला. मग आम्ही कोणत्या वस्तूला वडिलांच्या जागी बसवीत होतो?

चाचांनी वही ऐकून घेतली आणि विचारले, "बुश कधी बदलले, लिहिलं हाय का?" पाने पुन्हा चाळली. कोठेच नव्हते. त्यांनी मोटर उघडली आणि पितळी बुश आमच्या तळहातावर ठेवले. एका बाजूने ते कागदासारखे झिजले होते. चार वर्षांपूर्वी ज्या बुशाचे पैसे आम्ही मोजले होते, ते कधी बसलेच नव्हते. बुश झिजल्यामुळे आतले आर्मेचर एका अंगाला झुकून भोवतालच्या चुंबकांना घासत होते; वीज जास्त खायचे, फिरायचे कमी. गाडी तापली की अधिकच.

"आता खरी परीक्षा," चाचा म्हणाले. "वाइंडिंग जळालं असन, त मी सांगतो तेच करा, नवीन बसवा. जळाल्यावर पैसा घालू नका." त्यांनी आर्मेचर ग्राउलरवर, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या विद्युतचुंबकावर ठेवले आणि करवतीचे पाते त्याच्यावर हलके धरले. आतले एखादे वेटोळे एकमेकांत चिकटले असेल तर ते पाते थरथरून गुणगुणते. चाचा आर्मेचर थोडे थोडे फिरवीत होते आणि आम्ही श्वास रोखून त्या पात्याकडे पाहत होतो.

पाते गप्प राहिले. टेस्ट लॅम्पही लागला नाही.

त्या क्षणी आम्हाला आनंद झाला हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु आम्ही स्वतःला विचारले: पाते थरथरले असते तर? दोन तासांपूर्वी कदाचित आम्ही हट्टाने तेच आर्मेचर पुन्हा भरून घेतले असते आणि आईला त्या ओसाड रस्त्यावर आमच्या भावनेच्या भरवशावर नेले असते. वही वाचल्यावर तसे केले नसते. खोक्यातला सेल्फ मुकाट्याने बसवला असता आणि वहीत तशी नोंद केली असती.

चाचांनी कम्युटेटर लेथवर घासून घेतला, पट्ट्यांमधला अभ्रक खोल कोरला, नवे कार्बन बसवले. बुश मात्र लगेच ठोकले नाहीत. रात्रभर तेलात बुडवून ठेवले. "हे पितळ तेल पीते सर. प्यालं की वर्षानुवर्षं जाते." दुसऱ्या दिवशी दुपारी सेल्फ गाडीवर चढला. आम्ही सलग आठ दिवस, गाडी थंड असताना आणि तापलेली असताना, मोजून दहा-दहा वेळा किल्ली फिरवली. एकदाही चुकला नाही. तेव्हाच खोके परत पाठवले. चिरंजिवांना आम्ही दुरुस्तीचे कौतुक कळवले नाही. मीटरचे आकडे आणि झिजलेल्या बुशाचे छायाचित्र कळवले. त्यांचे उत्तर आले: "मग ठीक आहे. पण हँडल डिकीत ठेवा."

आम्ही ठेवले.

नाताळच्या रात्री मिस्सा आटोपून बाहेर आलो तेव्हा हवेत बोचरा गारवा होता. आईला मागच्या आसनावर शाल पांघरून बसवले, किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. आम्ही मागे वळून पाहिले. आईला यातले काहीच ठाऊक नव्हते. बडनेरा मागे पडण्यापूर्वीच तिला झोप लागली होती.

घरी आल्यावर आम्ही वडिलांची वही काढली, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडली आणि तारीख घालून लिहिले: "सेल्फचे बुश व कार्बन बदलले. अर्थिंगची पट्टी नवी."