डब्यासकट

कॉव्हेंट्री,
१६ नोव्हेंबर

ती. स्व. मामांस,


फोनवर तुम्ही एकच विचारलंत, "घेण्यासारखी आहे का?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. काल पुन्हा जाऊन ती जुनी मोटरसायकल पाहिली, म्हणून आज सविस्तर लिहिते.

गाडी ट्रायम्फची, मॉडेल एच. हे मॉडेल १९१५ साली आलं. त्याआधीच्या अनेक ट्रायम्फना सायकलसारखे पेडल असायचे, हिला नाहीत. ५५० सीसीचं एक सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा बॉक्स. इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत चेन आणि तिथून मागच्या चाकाला पट्टा, जो पावसात घसरतो. तेल इंजिनात फिरून परत येत नाही. चालवणाऱ्याने मधूनमधून हातपंपाने ते सोडायचं आणि ते जळून-गळून संपायचं. म्हणजे गाडी चालवताना तिची तहान ओळखावी लागते. पहिल्या महायुद्धात अशा सुमारे ३० हजार गाड्या सैन्याकडे गेल्या. त्यांवरून निरोप्ये चिखलातून, तोफांच्या आवाजात चिठ्ठ्या पोचवत. लोक हिला 'ट्रस्टी' म्हणत, म्हणजे भरवशाची.

कंपनी काढणारे सीगफ्रीड बेटमन मूळचे जर्मनीतल्या न्युरेंबर्गचे. १९१३ साली ते या शहराचे महापौर झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या जन्मभूमीशीच युद्ध पेटलं. त्यांच्या कारखान्यातल्या गाड्या मात्र ब्रिटिश सैन्यासाठी रवाना होत राहिल्या. प्रायरी स्ट्रीटवरचा तो कारखाना १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बॉम्बहल्ल्यात बेचिराख झाला. आज त्या रस्त्यावर विद्यापीठ आहे. तिथून जाताना माझ्या मनात येतं, मामा, की कारखाना गेला. आता जे काही सांगायचं ते या गाड्यांच्या लोखंडानेच सांगायचं.

म्हणूनच पहिल्या भेटीत मी खट्टू झाले होते. रंग ताजा, निकल आरशासारखं, टाकीवर एक पोचा नाही. यात जुनं किती उरलंय, हेच कळेना. विकणारे गृहस्थ ब्याऐंशी वर्षांचे. शेडमध्ये अकरा वर्षं खपून त्यांनी ती उभी केली, पण आता गुडघे किक मारू देत नाहीत. काल मी चाचरतच ते विचारलं. ते काही न बोलता वाकले आणि बाकाखालून एक पत्र्याचा डबा ओढून काढला.

गाडीतून काढलेली प्रत्येक वस्तू त्यात होती, प्रत्येकीला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. गंजून चाळण झालेला टाकीचा तळ. एकाच बाजूने खाल्लेले बुश. तुटलेली स्प्रिंग. या ट्रायम्फचा पुढचा फोर्क वर-खाली न होता पुढे-मागे डुलतो आणि त्याची आडवी स्प्रिंग तुटण्यासाठी बदनाम होती. तुटली तर निभावून जावं म्हणून सैनिक त्यावर चामड्याचा पट्टा आवळून बांधत. डब्यात तसा एक वाळून कडक झालेला पट्टा आहे. तो सैनिकाचा आहे असं म्हटलं असतं तर किंमत वाढली असती. चिठ्ठीवर मात्र एवढंच लिहिलंय: 'फोर्कवर सापडला.'

सोबत एक वही. कोणता भाग मूळचा, कोणता दुसऱ्या गाडीचा, कोणता लेथवर नवा केलेला, सगळं तारीखवार. इंजिन आणि फ्रेम मुळात एका गाडीचे नाहीत, हेही पहिल्याच पानावर.

ती वही वाचताना तुमचं कोल्हापूरचं गॅरेज आठवलं. जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात ठेवल्याशिवाय तुम्ही कधी पैसे घेतले नाहीत. खरंच नवा टाकला हे पटावं म्हणून तुम्ही तसं करता, असं मला लहानपणी वाटायचं. काल तो खाल्लेला बुश तळहातावर घेतला आणि त्यातलं आणखी काही कळलं. नवा भाग गाडी चालवतो. ती कशी चालली, हे जुन्यालाच माहीत असतं. नवं-जुनं एकाच रंगाखाली दडवलं तर गाडी सुंदर दिसेल, पण मुकी होईल.

याआधी आलेल्या दोघांनी डबा नको म्हणून सांगितलं. मी शब्द दिला तो डब्यासकट आणि वहीसकट. माझी दोन वर्षांची शिल्लक जाईल, पण त्याची खंत नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, घेण्यासारखी आहे.

मॅग्नेटोचं एक बेअरिंग आवाज करतंय, ते बदलावं लागेल. वहीत कोरी पानं आहेत आणि डब्यात जागा आहे. उन्हाळ्यात तुम्ही याल, तेव्हा ते जुनं बेअरिंग तुमच्या हातात ठेवीन.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची