रेवसची लाँच

रायगडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या माणसाला मुंबई रस्त्यानं लांब आणि पाण्यानं जवळ. अलिबागहून वडखळ, पेण, पनवेल करत जायचं तर शंभरेक किलोमीटर; रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला साधारण दीड तास. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, गाडीवाल्यांची थोडी सोय झाली, पण वडखळची कोंडी भोगलेल्यांना विचारा. माझ्या आयुष्यात मुंबई आली ती लाकडी लाँचमधून, डिझेलच्या वासासकट.

आधी आजीबरोबर. पांढऱ्या कांद्याच्या माळा आणि वालाची पिशवी घेऊन ती माझगावच्या नातेवाइकांकडे जायची. मला कठड्याजवळ बसायचं असे आणि तिनं माझा दंड घट्ट धरलेला असे. रेवस सुटलं की आजी बोलायची थांबे. काशाच्या खडकाच्या बाजूला तोंड करून हात जोडायची आणि करंजाचा डोंगर मागे पडला की मग पुन्हा बोलू लागायची. कारण विचारायचं नाही हे मला न सांगता कळलं होतं. पुढे आईनं सांगितलं. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. सकाळी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट त्या खडकाजवळ वादळात कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. सणाला घरी येणारे चाकरमाने, बाजार करून परतणाऱ्या बाया. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. काही तास शहराला पत्ताच नव्हता. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं आणि आमच्या किनाऱ्यावरची घरंच्या घरं सुतकात होती. आजीच्या माहेरची माणसं त्यात होती. तरी ती जात राहिली, फक्त आषाढात नाही. त्या बाईचं धैर्य मला आज जास्त कळतं.

मग माझ्या मैत्रिणीबरोबर. ती सासवण्याची. शिल्पकार विनायकराव करमरकरांचं गाव. देवळाच्या भिंतीवर या मुलानं काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्डनं पाहिलं आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ पुतळा त्याच मुलाच्या हातचा. सासवण्यात त्यांच्या घराचं संग्रहालय झालं आहे. मैत्रिणीला लहानपणापासून ही गोष्ट पाठ, आणि तिच्या मनात त्याचा अर्थ पक्का होता की आपल्यातलं जे काही चांगलं आहे ते एकदा समोरच्या काठावर नेऊन दाखवायचं असतं.

कॉलेजातला एक शनिवार. दुपारी अलिबागच्या स्टँडवर दोघी आपापल्या एसटीची वाट बघत होतो. रेवसची गाडी लागली. ती म्हणाली, "चल, 'चारचौघी' बघून येऊ." मी म्हटलं, "आत्ता?" तोवर ती चढली होती. वह्यांची पिशवी, दोघींच्या पर्समधले मिळून परतीपुरते पैसे. रेवसला पोचल्यावर दुकानातल्या फोनवरून शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला की मावशीकडे माझगावला चाललोय, उद्या येऊ. दोन तरण्या मुलींनी कुणालाही न विचारता मुंबईला जाणं त्या काळी आमच्याकडे साधं नव्हतं. रस्त्यानं जायचं असतं तर आम्हाला ते जमलं नसतं. पनवेलपर्यंत निम्मं गाव भेटलं असतं आणि निम्म्या वाटेत आमचाच धीर सुटला असता. लाँच धक्क्यावरून सुटली की मात्र परत फिरण्याचा प्रश्न उरत नाही.

प्रशांत दळवींचं ते नाटक १९९१ मध्ये आलं होतं. चंद्रकांत कुलकर्णींचं दिग्दर्शन. एक आई आणि तिच्या तीन मुली, प्रत्येकीचा आपापला निर्णय. शिवाजी मंदिरच्या बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसून आम्ही वंदना गुप्तेंचा तो टेलिफोनवरचा प्रवेश पाहिला. एक बाई एकटी रंगमंचावर, हातात रिसीव्हर, आणि पलीकडचा माणूस आपल्याला न दिसता दिसतो. माझी मैत्रीण रडली नाही; तिनं माझा हात इतका दाबला की तिच्या बांगडीचा वण मनगटावर उठला. रात्री मावशीच्या दहा बाय बाराच्या खोलीत, माणसांच्या दोन रांगांच्या मध्ये चटईवर आडव्या पडून आम्ही पहाटेपर्यंत कुजबुजत होतो. पहाटेच भाऊच्या धक्क्यावर. मासळीचा लिलाव भरात होता, बर्फाचं पाणी पायांत, कोळणींचे आवाज वर. घरी दोघींना व्हायची ती बोलणी झाली. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

नोकऱ्या, लग्नं, मुलं यांत वर्षं गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पण कधीतरी शनिवारी फोन यायचा आणि आम्ही निघायचो. लाँचवर इंजिनाच्या आवाजामुळे कानाशी तोंड नेऊनच बोलावं लागतं. दोघींची तोंडं पाण्याकडे. घरात समोरासमोर बसून जे ओठांवर येत नाही ते तिथे येतं. तिच्या नवऱ्याच्या आजाराचं तिनं पहिल्यांदा मला तिथेच सांगितलं, न्हावाशेव्याच्या क्रेन दिसत असताना.

दरम्यान पाण्यावरची वाहतूक उलटी झाली. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या बोटी होत्याच. १५ मार्च २०२० ला भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली आणि गाड्यांसकट शहर येऊ लागलं. आता शनिवार-रविवार मुंबईचा असतो आणि अलिबाग त्याचं ठिकाण. येणाऱ्यांवर माझा राग नाही. शहराच्या गडबडीतून सुटून अलिबागला येणं जुनंच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं ते काम १९०४ मध्ये नानाभॉय मूस यांनी इथे हलवलं. ती वेधशाळा आली, शांतपणे काम करत राहिली, गावाची झाली. राग येतो तो वाड्या जातात त्याचा. नारळी-पोफळीच्या जागी उंच भिंत, फाटकावर रखवालदार, आणि वर्षातले बहुतेक दिवस आत कुणीच नाही.

२०२२ मध्ये 'चारचौघी' पुन्हा आलं. रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम, पर्ण पेठे. शनिवारी सकाळी मैत्रिणीचा फोन, "तिकिटं मिळाली तर मिळाली, निघ." ओहोटी होती. रेवसच्या बंदरात गाळ इतका भरलाय की पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागत नाही. भरतीची वाट बघत दोघी धक्क्यावर बसलो. तिचा नवरा जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. वाडीला मागणी आली होती, आकडा डोळे फिरवणारा होता, मुलगा म्हणत होता विकू. मी काही म्हटलं नाही. लाँच सुटली. तिनं माझ्या कानाशी येऊन एवढंच सांगितलं, "नाही विकणार. सासूनं लावलेले माड आहेत, मी पाणी घातलंय." तिचा आवाज मला इतका स्वच्छ कधी ऐकू आला नव्हता.

मुक्ता बर्वेचा टेलिफोनचा प्रवेश सुरू झाला तेव्हा मी नाटकाऐवजी मैत्रिणीकडे बघत होते. रात्री दादरला साबुदाणा वडा आणि पीयूष. मावशी नाही, खोली नाही. मैत्रिणीच्या भाचीकडे परळला गेलो, विसाव्या मजल्यावर. मैत्रिणीनं खिडकीतून बोट दाखवून विचारलं, "आपलं कुठं?"

आता रेवस-करंजा पूल होतो आहे. ए. आर. अंतुल्यांच्या वेळेपासून या पुलाचं ऐकत आलोय. तो व्हायलाच हवा. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असेल तर लाँच काय कामाची? पण पूल झाला म्हणून लाँच बंद करू नये. जिच्याकडे गाडी नाही, गाडी मागायला जिला घरच्यांना कारण द्यावं लागतं, अशी बाई आजही त्या फळीवरून लाँचमध्ये चढते. परिचारिका, गोदीतले कामगार, माळा घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्या. त्यांचं शहर त्यांच्यापासून काढून घेण्याचा अधिकार कुणाला नाही.

म्हणून आम्ही दोघींनी अर्ज लिहिला आहे. बंदरातला गाळ दरवर्षी पावसाळ्यानंतर काढावा, भरती-ओहोटीप्रमाणे लाँचच्या वेळा धक्क्यावर ठळक लिहाव्यात, चढायची फळी रुंद करावी आणि तिला दोर बांधावा, बायकांसाठी स्वच्छतागृह उघडं ठेवावं. आणि शनिवारी रात्रीचं नाटक बघायला जाणाऱ्यांना गाठता येईल अशी एक दुपारची फेरी कायम ठेवावी. सह्या गोळा करायचं काम तिचं. सासवण्यापासून सुरुवात केली आहे, पुढच्या आठवड्यात सारळ आणि आवास.