टकमकाला पोट सुटतं

शिवथरचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक दरवर्षी वाडीतल्या पोराटोरांना घेऊन दिवाळीचा किल्ला करतात. हे गुरुजी म्हणजे प्रस्तुत लेखकच. आपल्या खोडी ‘मी, मी’ करत सांगण्यापेक्षा तिऱ्हाइताच्या म्हणून सांगितल्या की जीभ सैल सुटते, म्हणून ही सोय.

२०२५च्या दिवाळीत गुरुजींच्या गुडघ्यांनी संप पुकारला. उकिडवं बसता येईना. अंगणात खुर्ची टाकून नुसतं बघत बसायची पाळी आली, आणि चिखलात हात घालायला उरली सात ते दहा वयाची पाच पोरं. मोठ्या माणसांना इकडे त्या दिवसांत डोकं खाजवायला वेळ नसतो. दिवाळी आणि भातकापणी एकाच वेळी दारात येतात. आई-बाप विळा घेऊन खाचरात, घरी म्हातारे आणि पोरं. इथला किल्ला म्हणूनच या दोघांचा.

किल्ला तेव्हाही रायगडच. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘युनेस्को’ने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात रायगड आहे. पण ती यादी झाली नसती तरी गुरुजींनी रायगडच केला असता. महाड तालुक्यात राहून दुसऱ्याचा गड कशाला करायचा? शिवाय रायगडाला टकमक टोक आहे, आणि गुरुजींचं सगळं दुखणं त्या टोकाखालच्या कड्यात आहे.

पोरांच्या लेखी गड म्हणजे डोंगर. गुरुजींच्या लेखी गड म्हणजे कडा. महादरवाजा, बाजारपेठ, जगदीश्वर, हिरकणी बुरूज हे सगळं कुणालाही जमतं. सरळ, उभा, ताशीव कडा मात्र मातीत उभा राहत नाही. ढिगाऱ्याला त्याचा स्वतःचा उतार असतो, तो तुमचं ऐकत नाही. संध्याकाळी थापटून, पाण्याचा हात फिरवून कडा सरळ करावा आणि सकाळी पाहावं तर टकमकाला पोट सुटलेलं.

काय काय केलं नाही! गोणपाट चिखलात बुडवून लावलं, ते सुकलं की आक्रसतं आणि कड सोडतं. खाचरातली माती धरते पण भेगाळते. उतारावरची तांबडी घेतली तर परतीच्या पावसाची एक सर तिला पुरते. शेण घातलं, भाताचा तूस मळला. तुसाने भेगा कमी झाल्या, पोट नाही. शेवटचा उपाय अळिवाचा. अळीव भिजला की बुळबुळीत होतो आणि उभ्या अंगालाही चिकटून राहतो, मोहरी घरंगळते. तीन-चार दिवसांत हिरवी लव येते आणि सुटलेलं पोट झाकलं जातं. कित्येक वर्षं गुरुजींनी हीच चलाखी केली. बघणारे म्हणत, काय हिरवागार झालाय! खरा कडा उघडाबोडका असतो, हे गुरुजींना ठाऊक होतं.

एका वर्षी सिमेंटही झालं. कडा उभा राहिला, फोटो निघाले. दिवाळी सरल्यावर किल्ला मोडायला पोरं जमली तेव्हा पहार आणावी लागली. किल्ला मोडण्यात करण्याइतकीच मजा असते. ती त्या वर्षी पोरांना मिळाली नाही. गुरुजींनी हे आजवर कुणाला कबूल केलेलं नाही.

अशा माणसाने बाजारी किल्ल्यांना नावं ठेवू नयेत, पण ठेवल्याशिवाय राहवत नाही. पुण्यामुंबईत आता प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. रिक्षातून आणायचा, मावळे मांडायचे, फटाके संपले की माळ्यावर टाकायचा. पुढच्या वर्षी तोच. घरातल्या पोराच्या नखात माती जात नाही. स्पर्धांचे किल्ले त्याहून वाईट: दिव्यांच्या माळा, कारंजी, भोंग्यावर पोवाडे, आणि पोरगं बाजूला हात बांधून उभं, कारण सगळं काकांनी केलेलं असतं.

हे ‘काका’ गुरुजींना चांगले ओळखीचे आहेत. पोरं झोपली की कंदील घेऊन, आणि अलीकडे मोबाइलची बॅटरी लावून, पोरांनी केलेला बुरूज मोडून पुन्हा करणारे शिवथरचे काका ते स्वतःच. सकाळी पोरं म्हणायची, “गुर्जी, रातच्याला बुरूज सरळ झाला!” गुरुजी हसायचे.

२२ जुलै २०२१च्या संध्याकाळी आमच्याच तालुक्यात तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर उतरला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या दिवाळीला ओल्या मातीचा डोंगर रचायला गुरुजींचे हात धजेनात. पोरांनी हट्टाने रचला. एकाने पायथ्याला पुठ्ठ्याचं घर ठेवलं, दुसऱ्याने काही न बोलता ते उचलून पार तुळशीपाशी नेऊन ठेवलं. तेव्हापासून या अंगणातल्या रायगडाच्या पायथ्याला घर नसतं. गडाखालचं पाचाड गावही लांब मांडतात.

२०२५च्या दिवाळीत गुरुजी खुर्चीवर, आणि कड्याची जागा तिसरीतल्या एका मुलीने पकडलेली. तिचा आजा खाचरांचे दगडी बांध रचतो. तिने ढिगारा केलाच नाही. ओढ्यातले चपटे दगड आणले, भाकरीएवढे आणि त्याहून लहान. एक थर दगड, वर बोटभर चिखल, पुन्हा दगड. प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत. “आजा असाच बांध घालतो,” एवढंच तिचं स्पष्टीकरण.

सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, एकावर एक, हे गुरुजींनी फळ्यावर किती वेळा काढून दाखवलं असेल. अंगणात मात्र जन्मभर ढिगारा करून त्याला बाहेरून कडा लिंपत बसले.

मग तिने खालच्या थरातला एक दगड काढला आणि आत बोटाने पोखरलं. गुरुजी ओरडले, “अगं, कोसळेल!”

“घळ हाय ती गुर्जी. आपल्याकडं असते.”

आता रायगडाखाली शिवथरघळ कशी येईल? समर्थांची म्हणून १९३० साली शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून काढलेली घळ या गावची, रायगडाची नव्हे. भूगोल चुकतो म्हणून ती बुजवायला सांगणार, इतक्यात तिने कपारीच्या वरच्या थरावरून तांब्याने बारीक धार सोडली. पाणी घळीसमोरून पडलं. कडा हलला नाही.

डोंगरात तरी दुसरं काय होतं? खालचा मऊ थर पोखरला जातो, वरचा कठीण थर पुढे लोंबतो, कधीतरी तुटून पडतो आणि मागे उभी भिंत राहते. ताशीव दिसणारा कडा हा तुटलेला कडा असतो.

हे कळूनही लक्ष्मीपूजनाच्या रात्री गुरुजी काठी टेकत अंगणात गेलेच. एक दगड जरा पुढे आलेला होता, तो काठीच्या टोकाने आत सारला. सकाळी मुलीने पाहिलं, दगड ओढून पुन्हा होता तिथे आणला आणि खुर्चीकडे बघितलंही नाही.

तुळशीच्या लग्नापर्यंत कडा उभा होता. पोरं जेवायला गेल्यावर गुरुजींनी तो मोजला: दोन वीत आणि चार बोटं. सिमेंटवाला दीड वीत होता.